मागचे शॉकअप आणि त्यांची माउंटिंग : गेलेत हे कळायचं कसं, आणि मग करायचं काय

मागच्या दोन व्याख्यानांत आपण अनुमानाबद्दल बोललो. हेतू म्हणजे काय, व्याप्ती म्हणजे काय, हेतू फसवा कधी ठरतो, हे सगळं पाहिलं. त्यावर काही श्रोत्यांनी तक्रार केली की न्यायशास्त्रवाले डोंगरावरच्या धुरापलीकडे जातच नाहीत. तक्रार रास्त आहे. तेव्हा आज डोंगर सोडू आणि जुन्या मोटारीच्या मागच्या चाकापाशी बसू. आणि हे नुसतं दृष्टांतापुरतं नाही. आज विषयच मुळी गाडी आहे. न्यायशास्त्र लागेल तेवढंच घेऊ. जुन्या गाडीचे सगळे भाग बदलले तर गाडी तीच राहते का, हा प्रश्न कुणाच्या मनात आला असेल, तर थीसियसचं जहाज आज बंदरातच राहू द्या.

गाडी कोणती? मी उदाहरणाला पहिल्या पिढीची स्कोडा ऑक्टाव्हिया घेतो. २००१ पासून या गाड्या आपल्याकडे औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, जोडल्या जाऊ लागल्या, आणि त्यातल्या बऱ्याच अजून रस्त्यावर आहेत. दुसरं कारण असं की तिच्या मागच्या चाकांची रचना समजायला फार सोपी आहे. दोन्ही मागची चाकं एका आडव्या तुळईला जोडलेली, तुळई पुढच्या बाजूने दोन मोठ्या रबरी बुशांवर बॉडीला टांगलेली, स्प्रिंग वेगळी आणि शॉकअप वेगळा. प्रत्येकाचं काम डोळ्यांना वेगवेगळं दिसतं. ज्यांच्याकडे दुसरी गाडी आहे त्यांनी फक्त जागा बदलून घ्यावी, तर्क तोच राहतो.

आता नावापासून सुरुवात करू, कारण नावानेच घोटाळा केलेला आहे. आपण म्हणतो शॉकअप. मूळ शब्द शॉक ॲब्सॉर्बर, आणि पुस्तकी मराठीत धक्काशोषक. पण धक्का हा भाग शोषतच नाही! चाक खड्ड्याच्या कडेवर आपटलं की दबते ती स्प्रिंग. धक्का तिने पोटात घेतला. पण स्प्रिंगचा स्वभाव असा की घेतलेलं ती परत करते. झोपाळ्यासारखं. एकदा ढकललं की तो आपला जात-येत राहतो. झोपाळा थांबवायला बसलेला माणूस काय करतो? पाय जमिनीला घासतो. तो घासणारा पाय म्हणजे शॉकअप. इंग्रज लोक याला डँपर म्हणतात, ते नाव जास्त खरं आहे.

आत काय असतं? एक बंद नळी, तिच्यात तेल, तेलात पिस्टन, आणि पिस्टनला बारीक भोकं आणि झडपा. चाक वर-खाली झालं की पिस्टनला तेलातून वाट काढावी लागते. बारीक भोकांतून तेल ढकलताना हालचालीतली ऊर्जा उष्णतेत जाते आणि नळीच्या पत्र्यातून हवेत निघून जाते. हे जितकं जोरात ढकलाल तितकं ते जास्त अडवतं. सावकाश ढकलाल तर मुकाट वाट देतं. बहुतेक गाड्यांत चाक वर येताना अडवणूक कमी आणि स्प्रिंग परत उसळताना जास्त, अशी झडपांची मांडणी केलेली असते. बऱ्याच शॉकअपमध्ये तेलाबरोबर दाबाखाली नायट्रोजन भरलेला असतो, कारण सतत घुसळून तेलाचा फेस झाला तर फेसाला अडवायची ताकद नसते.

इथे एक आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. गाडीची बॉडी स्प्रिंगवर साधारण सेकंदाला एक ते दीड वेळा झुलते. पण खाली चाक, ब्रेक आणि तुळई यांचं जे वजन आहे, ते टायर आणि स्प्रिंग यांच्या मधे सापडून सेकंदाला दहा ते पंधरा वेळा थरथरतं. शॉकअपला या दोन्ही हालचाली आवरायच्या असतात. पहिली आपल्याला पोटात कळते. दुसरी कळत नाही, आणि धोका तिच्यात आहे. थरथरणारं चाक प्रत्येक थरथरीला रस्त्यावरची पकड सोडतं. ब्रेक दाबला की गाडीचा भार पुढे जातो आणि मागची चाकं आधीच हलकी झालेली असतात. त्यात रस्ता खडबडीत असेल आणि शॉकअप मेलेला असेल, तर मागचं चाक रस्त्याला नुसतं स्पर्श करत जातं. एबीएस असेल तर ते बिचारं चाक अडकतंय असं समजून ब्रेकचा दाब सोडत राहतं. पावसात, घाटातल्या वळणावर, भरलेल्या गाडीत हे झालं की गाडीचा मागचा भाग आपली वाट स्वतः शोधतो.

आता माउंटिंग. शॉकअपची दांडी वरच्या टोकाला थेट बॉडीला बसवली तर चाकाचा प्रत्येक खडखडाट पत्र्यात शिरेल. म्हणून मधे रबर असतं. लोखंडी वाटी, तिच्यात घट्ट बसवलेलं रबर, रबराच्या मधून दांडी, वर नट. हे वरचं माउंटिंग ऑक्टाव्हियात दोन बोल्टांनी चाकावरच्या कमानीच्या आत बॉडीला धरलेलं असतं. खालच्या टोकाला डोळा असतो, त्यात रबरी बुश, आणि त्यातून तुळईला जाणारा एक जाड बोल्ट. दांडीवर माउंटिंगच्या खाली फोमसारखा एक ठोकळा ओवलेला असतो, त्याला बंप स्टॉप म्हणतात. शॉकअप पूर्ण दबलाच तर लोखंडावर लोखंड आपटू नये म्हणून तो शेवटची उशी.

रबराचं आणि झडपांचं घड्याळ वेगळं असतं, हे फार लोक ध्यानात घेत नाहीत. शॉकअप झिजतो तो चालण्याने, म्हणजे किलोमीटरने, आणि त्यातही वाईट रस्त्याच्या किलोमीटरने. रबर मात्र उभ्या गाडीतही म्हातारं होतं. ऊन, हवेतला ओझोन, तेलाचे थेंब, आणि नुसती वर्षं. निवृत्त माणसाची गाडी महिन्यातून चारदा बाहेर पडते, तिचे किलोमीटर कमी असतात, आणि मालक ते कौतुकाने सांगतो. पण वीस वर्षांची ती रबरं वीस वर्षांचीच असतात. अशा गाडीत शॉकअप बरे आणि माउंटिंग गेलेलं, असं चित्र सर्रास दिसतं.

मग प्रश्न असा की कळायचं कसं?

पहिलं उत्तर सगळे देतात: चालवताना कळतंच की. मला हे उत्तर मान्य नाही, आणि त्याला दोन कारणं आहेत. एक जुनं आहे, मिलेटसच्या युबुलिडीसच्या नावावर सांगितलं जाणारं, ढिगाऱ्याचं कोडं. धान्याच्या ढिगातून एक दाणा काढला तर ढीग ढीगच राहतो. आणखी एक काढा, तरी ढीगच. मग ढीग संपतो कधी? शॉकअप कालच्यापेक्षा आज जितका झिजला, तो फरक कुणालाही जाणवणार नाही. उद्याही नाही. रोज चालवणारा माणूस नकळत वळणावर थोडा हळू जायला लागतो, गतिरोधकाला थोडा आधी ब्रेक लावतो, आणि गाडी पूर्वीसारखीच आहे असं त्याला मनापासून वाटतं. तो खोटं बोलत नाही. त्याची मोजपट्टीच गाडीबरोबर झिजलेली असते.

दुसरं कारण साधं आहे आणि मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं. चालक पुढे बसतो. मागचं चाक ज्याच्या कमरेखाली आपटतं तो मागच्या सीटवर असतो, आणि आपल्याकडे मागच्या सीटवर बसतात घरातली म्हातारी माणसं आणि मुलं. म्हणजे ज्याला निर्णय घ्यायचा त्याला भोग नाही, आणि ज्याला भोग आहे त्याला कुणी विचारत नाही. आजी म्हणाली, ‘हल्ली गाडी फार हादडते रे,’ की आपण म्हणतो रस्तेच वाईट झालेत. एकदा स्वतः मागे बसा, चालवायला दुसऱ्याला द्या, आणि नेहमीच्या रस्त्याने जा. पैसे न लागणारी ही सगळ्यात चांगली तपासणी आहे.

दुसरं उत्तर गॅरेजात मिळतं. गाडी मागून खट् खट् वाजते. मिस्त्री ऐकतो आणि म्हणतो, ‘सर, शॉकअप गेले.’ आता याला अनुमानाच्या चौकटीत बसवून बघा. पक्ष म्हणजे ही गाडी. साध्य, शॉकअप निकामी आहे. हेतू, मागून आवाज येतो. आणि व्याप्ती अशी गृहीत धरली की जिथे जिथे मागून खट् असा आवाज, तिथे तिथे निकामी शॉकअप. ही व्याप्ती टिकते का?

टिकत नाही. मागून आवाज येण्याची कारणं मोजा. वरच्या माउंटिंगचं रबर फाटलेलं. माउंटिंगचा नट सैल. तुळईचे पुढचे बुश गेलेले. सायलेन्सर टांगायचं रबर तुटलेलं. डिकीतली स्टेपनी सैल, तिच्याखालचा जॅक आणि पाना खुळखुळतोय. मागच्या सीटच्या पाठीची कडी नीट बसलेली नाही. ब्रेकचा कॅलिपर त्याच्या पिनांवर हलतोय. या प्रत्येक ठिकाणी हेतू हजर आहे आणि साध्य गैरहजर. ज्या हेतूचं साध्याशिवायही बस्तान बसतं त्याला न्यायशास्त्रात सव्यभिचार म्हणतात, आणि मिस्त्रीचा हेतू नेमका त्या जातीचा आहे.

उलट दिशेनेही पाहा. शॉकअप निकामी असेल तर आवाज येईलच ना? इथे अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’तलं उदाहरण कामाला येतं. धूर आहे म्हणून अग्नी आहे, हे ठीक. पण अग्नी आहे म्हणून धूर आहे, असं म्हणता येत नाही, कारण धूर यायला इंधन ओलं असावं लागतं. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. ती ओल्या लाकडाची जादा अट, तिला उपाधी म्हणतात. आपल्या गाडीत ही उपाधी कोण? माउंटिंग आणि बंप स्टॉप. तेल संपलेला शॉकअप चांगल्या माउंटिंगवर आणि शाबूत बंप स्टॉपवर अगदी निःशब्द वर-खाली होत राहतो. बंप स्टॉपचा भुगा झाला किंवा माउंटिंग फाटलं की मगच तो बोलायला लागतो. म्हणजे आवाज नाही म्हणून शॉकअप चांगले, हा निष्कर्षही गेला. मेलेला शॉकअप बहुधा गप्पच असतो.

हे सांगण्यात मिस्त्रीला नावं ठेवायचा हेतू नाही. त्याचं अनुमान पुष्कळदा खरंही निघतं, कारण जुन्या गाडीत शॉकअप आणि माउंटिंग दोन्ही गेलेले असण्याची शक्यता भरपूर. पण कधी कधी असं होतं की दोन्ही शॉकअप बदलले, जुनीच माउंटिंग पुसून परत लावली, बिल दिलं, आणि फाटकातून बाहेर पडताना पुन्हा खट्. मग शॉकअपच निकृष्ट होते असं ठरतं. आवाज ज्याचा होता तो मात्र जागेवरच असतो.

तेव्हा प्रमाण कशाला मानायचं ते क्रमाने सांगतो.

आधी वगळण्याचं काम. डिकी पूर्ण रिकामी करा, स्टेपनी, जॅक, पाने, सगळं बाहेर. मागची सीट घट्ट बसली आहे ना ते पाहा. मग त्याच रस्त्याने एक चक्कर मारा. निम्मे आवाज इथे संपतात, आणि हे मी गंमत म्हणून सांगत नाही.

मग डोळ्यांचं काम. चाकाच्या आत बॅटरीचा झोत टाकून शॉकअप बघा. नळीच्या वरच्या भागावर तेलाचा अगदी पातळ ओलसर थर असेल तर घाबरू नका. दांडी प्रत्येक वेळी तेलाचा सूक्ष्म पापुद्रा बाहेर आणतेच. पण तेल ओघळून खालपर्यंत आलं असेल, त्यावर धुळीचा चिखल बसला असेल, तर सील गेलं. इथे संशयाला जागा नाही. धुळीची टोपी फाटून लोंबत असेल, फोमचा पिवळा भुगा दिसत असेल, तर बंप स्टॉप संपला. आणि टायरवर हात फिरवा. रबर गोलाकार सारखं झिजण्याऐवजी ठिकठिकाणी खळगे पडल्यासारखं, लाटालाटांनी झिजलं असेल, तर चाक थरथरत होतं याची ती छापील साक्ष आहे. हाच टायर पुढे गुणगुणतो आणि लोक बेअरिंग बदलतात.

हाताने गाडीचा कोपरा दाबून सोडायची पद्धत सगळ्यांना माहीत आहे. दाबला, सोडला, वर आला आणि स्थिरावला, तर ठीक. दोन-तीन वेळा झुलत राहिला, तर शॉकअप गेला. यातलं दुसरं वाक्य खरं आहे, पहिलं अर्धंच. मघाचा आकडा आठवा. हाताने आपण बॉडीची सावकाश हालचाल तपासतो, सेकंदाला एक-दीडवाली. चाकाची दहा-पंधरावाली थरथर हाताने निर्माण करताच येत नाही. शिवाय जुने, आवळलेले बुश स्वतःच्या घर्षणाने कोपरा थांबवून धरतात. पूर्वीच्या प्रीमिअर पद्मिनीला मागे पाटे असायचे. पाटे एकमेकांवर घासायचे आणि शॉकअप नसला तरी गाडी हाताखाली बरी वागायची. म्हणून ही परीक्षा नापास करू शकते, पास करू शकत नाही.

मला स्वतःला आवडते ती उष्णतेची परीक्षा. शॉकअपचं काम हालचालीची उष्णता करणं हेच असेल, तर काम केलेला शॉकअप गरम असला पाहिजे. दहा-पंधरा किलोमीटर खराब रस्त्यावरून गाडी न्या, थांबा, आणि दोन्ही मागच्या नळ्यांना बाहेरून हात लावून बघा. सायलेन्सरला हात लागणार नाही एवढी काळजी घ्या. एक कोमट आणि दुसरा गार असेल, तर गार असलेल्याने काही केलेलं नाही. दोन्ही गार असतील तर दोघांनीही नाही. इथे धुरावरून अग्नी शोधायला नको, हाताला अग्नीच लागतो.

माउंटिंगची तपासणी आवाजाच्या स्वभावावरून सुरू होते. बारीक, टोकदार उंचवटा, कमी वेग, आणि कोरडा खट्: हा माउंटिंगचा स्वभाव. मोठा, गोल उंचवटा आणि नंतर झुलणं, किंवा भरलेल्या गाडीत धप्प करून आपटणं: हा शॉकअपचा आणि बंप स्टॉपचा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी ९९ या मार्गदर्शिकेच्या १९८८ च्या आवृत्तीत गोल गतिरोधकाचं माप दिलेलं आहे; १७ मीटर त्रिज्या, ३.७ मीटर लांबी, मधे १० सेंटिमीटर उंची, आणि तो ओलांडायचा वेग ताशी २५ किलोमीटर. असा मापाचा गतिरोधक तुमच्या गावात सापडला तर जपून ठेवा, शॉकअप तपासायला त्याच्यासारखं साधन नाही. २५ च्या वेगाने त्यावरून जा. मागचा भाग एकदा खाली येऊन थांबायला हवा. सोसायटीच्या दारात खिळ्यांनी ठोकलेल्या त्या काळ्या-पिवळ्या रबरी पट्ट्या मात्र माउंटिंग तपासायला उत्तम! पुढे, एकाने कोपरा दाबत राहायचं आणि दुसऱ्याने चाकाच्या कमानीत हात घालून माउंटिंगवर बोटं टेकवायची. आवाज कानाला कुठूनही येतो असं वाटतं, पण बोटाला तो जागेवरच लागतो.

आता बदलायचं ठरलं. काय काय घ्यायचं? दोन शॉकअप, दोन वरची माउंटिंग, दोन बंप स्टॉप, दोन धुळीच्या टोप्या, दांडीवरचे नवीन नट आणि बोल्ट. माउंटिंग ‘चांगलं दिसतंय’ म्हणून जुनं ठेवू नका. शॉकअप काढल्याशिवाय माउंटिंग निघत नाही, म्हणजे मजुरी तीच, आणि रबराचं वय डोळ्यांना दिसत नाही. माल मागवताना नुसतं गाडीचं नाव सांगू नका. एकाच मॉडेलमध्ये इंजिन, वजन आणि उंचीप्रमाणे स्प्रिंग आणि शॉकअप वेगवेगळे असतात. या गाड्यांच्या डिकीत आणि सर्व्हिस पुस्तकात एक पांढरी चिकटपट्टी असते, तिच्यावर बारीक सांकेतिक अक्षरं असतात. चासी नंबरबरोबर तिचाही फोटो दुकानदाराला द्या.

काम घरी करायचं की गॅरेजात, हा ज्याचा त्याचा प्रश्न. मी गॅरेजात, पण समोर उभं राहून, या मताचा आहे. म्हणून पद्धत सांगतो, म्हणजे काय बघायचं ते कळेल. ऑक्टाव्हियात स्प्रिंग वेगळी असल्यामुळे स्प्रिंग आवळायचा शिकंजा लागत नाही. ज्या गाड्यांत स्प्रिंग शॉकअपभोवतीच गुंडाळलेली असते, तिथे मात्र दांडीवरचा नट तसाच सोडला तर स्प्रिंग सुटून जिवावर बेतू शकतं. तिथे घरगुती प्रयोग नको.

गाडी सपाट जागी, गिअरमध्ये, आणि ठोकळे पुढच्या चाकांना. हँडब्रेकवर विसंबू नका, तो मागच्या चाकांना लागतो आणि मागची चाकं आपण उचलणार आहोत. उचलायच्या आधी एक माप घ्या: चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीच्या कडेपर्यंत किती सेंटिमीटर. दोन्ही बाजूंचं खडूने लिहून ठेवा, कशाला ते सांगतो. मग गाडी स्टँडवर. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कुणालाही जाऊ देऊ नका, अनुभवी माणसालाही नाही. चाक काढलं की तुळईला त्या बाजूने दुसऱ्या जॅकचा आधार द्यायचा. कारण तुळई खाली किती लोंबायची ते शॉकअपच ठरवत असतो. तो सुटला की तुळई आणखी खाली जाते, ब्रेकचा रबरी पाइप आणि वायर ताणली जाते, स्प्रिंग जागा सोडते. म्हणून एका वेळी एकच बाजू.

खालचा बोल्ट काढला, कमानीतले वरचे दोन काढले, की शॉकअप हातात येतो. वीस वर्षांचे बोल्ट असतील तर आदल्या रात्री गंज सोडवायचं तेल मारून ठेवायचं. बाकावर जुना संच सुटा करताना कुठल्या वाटीवर काय, कुठली वाकडी बाजू वर, याचा फोटो घ्या. नवीन दांडीवर माउंटिंग बसवताना दोन गोष्टींवर नजर ठेवा. एक, चकचकीत दांडी पकडीने धरायची नाही. तिच्यावर ओरखडा उठला की तोच ओरखडा प्रत्येक खेपेला सील कापतो. दोन, हवेच्या गनने नट फिरवायचा नाही. दांडी गरगर फिरते आणि आतलं बिघडतं. दांडीच्या टोकाला तिला धरून ठेवायची सोय असते, तिथे धरून हाताने आवळायचं. दोन नळ्यांचा शॉकअप असेल तर बसवण्याआधी उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबून-ओढून घ्या, म्हणजे आडवा पडून राहिल्याने आत शिरलेली हवा वर निघून जाईल.

बसवताना वरचे दोन बोल्ट आधी, मग जॅकने तुळई हळूहळू वर घेत खालचा डोळा भोकासमोर आणायचा आणि बोल्ट आत घालायचा. आणि इथे ती चूक होते जी मी फार ठिकाणी पाहिली आहे. चाक लोंबकळत असतानाच खालचा बोल्ट कचकचून आवळतात. खालच्या डोळ्यातलं रबर बोल्टाभोवती घासत फिरत नाही, ते दोन्ही बाजूंना धरलेलं असतं आणि फक्त पिळतं. लोंबत्या अवस्थेत आवळलं की तीच त्याची विश्रांतीची अवस्था ठरते. मग गाडी जमिनीवर आली की रबर कायमचं पिळलेल्या स्थितीत जगतं आणि लवकर फाटतं. म्हणून खालचा बोल्ट आधी हातापुरता, मग जॅकने तुळई वर घेऊन खडूने लिहिलेलं ते सेंटिमीटरचं माप जुळवायचं, आणि मग टॉर्क रेंचने पूर्ण. या बोल्टांना ठरावीक टॉर्क आणि त्यावर आणखी पाव फेरा अशी पद्धत दिलेली असते. असे बोल्ट आवळताना किंचित ताणले जातात, म्हणून ते दुसऱ्यांदा वापरायचे नसतात.

शे-दोनशे किलोमीटरनंतर सगळे बोल्ट एकदा पाना लावून तपासा. लाटालाटांनी झिजलेला टायर मात्र पुढेही काही काळ गुणगुणत राहील, त्याचा दोष नव्या शॉकअपला देऊ नका.

आता आलेले प्रश्न घेतो.

‘एकाच बाजूचं तेल गळतंय, एकच बदलला तर?’ नको. नवा शॉकअप आपल्या बाजूचं चाक लवकर आवरतो, जुना उशिरा, आणि एका तुळईवरची दोन चाकं दोन तऱ्हांनी वागतात. सरळ रस्त्यावर कळणार नाही, जोरात ब्रेक दाबल्यावर कळेल.

‘अलाइनमेंट करावी लागते का?’ या गाडीत मागचा शॉकअप बदलून चाकाचा कोन बदलत नाही. कोन ठरवते तुळई आणि तिचे बुश, आणि त्यांना आपण हात लावलेला नाही. पुढचे बदलले तर करावी लागेल. तेव्हा मागच्या कामाच्या बिलात अलाइनमेंट दिसली तर शांतपणे कारण विचारा.

‘स्प्रिंगच्या वेढ्यांमध्ये रबरी ठोकळे घालून मिळतात, त्याने गाडी खाली बसत नाही. शॉकअपऐवजी तेच घातले तर?’ हा प्रश्न चांगला आहे, कारण नावाचा घोटाळा इथे पैशात उतरतो. ठोकळ्याने स्प्रिंग कडक होते. म्हणजे झोपाळ्याच्या दोऱ्या आखूड केल्या. तो जास्त भराभर हलेल, पण पाय अजून कुणी टेकवलेला नाही. उलट कडक स्प्रिंगला आवरायला शॉकअप जास्त ताकदीचा लागतो, आणि आपला तर गेलेलाच आहे. गाडी उंच दिसते, आपटायची थांबते, मालक खूश होतो, आणि चाकाची थरथर होती तशीच राहते.

‘जुने शॉकअप काय करायचे?’ भंगारात द्या, पण देताना आत दाबाखाली गॅस आहे हे भंगारवाल्याला स्पष्ट सांगा. तो सवयीने गॅस कटर लावतो.